सांगलीतील नाण्यांचे एक दुकान: चोरी, वही आणि माझा रुपया

सांगलीत हरभट रोडच्या मागच्या बाजूला, एका लहानशा गाळ्यात चालणाऱ्या या नाण्यांच्या दुकानाचा मी अकरा वर्षांपासूनचा गिऱ्हाईक आहे. दुकानाचे नाव येथे देत नाही, कारण तेथे झालेल्या घरफोडीचा खटला अजून न्यायालयात आहे आणि दुकानाच्या मालकांनी, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, तशी विनंती केली आहे. सांगली-मिरजेच्या नाणेसंग्राहकांना ते ओळखायला नावाची गरज पडणार नाही. खरे तर हा अभिप्राय मी चोरीच्या महिन्यातच रागाच्या भरात लिहायला घेतला होता; तो तेव्हा पुरा झाला नाही हे बरे झाले, कारण तेव्हा लिहिले असते ते निम्मेच खरे ठरले असते.

आधी माल काय मिळतो ते सांगतो. तांब्याच्या शिवराया हा या दुकानाचा कणा आहे. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ असा मजकूर असलेली ही नाणी १६७४ च्या राज्याभिषेकाच्या काळापासून पुढे दीर्घकाळ त्याच मजकुराने पाडली जात राहिली, त्यामुळे नुसते ‘शिवराई आहे’ म्हणून भागत नाही. ती कोणत्या काळातली, कोणत्या वळणाच्या अक्षरांची, ‘शिव’ कसे लिहिले आहे, भोवती ठिपक्यांचे वर्तुळ आहे का, हे सगळे पाहावे लागते. काका ते पाहतात आणि गिऱ्हाइकालाही भिंगातून दाखवतात. दोन-तीनशे रुपयांची झिजलेली दुदांडी, म्हणजे नंतरच्या काळातली शिवराई, महाराजांच्या काळातली आहे असे भासवून दहापट पैसे घेणारे विक्रेते मी यात्रांमधून पाहिले आहेत. येथे तसे कधी झाले नाही. सोन्याचा शिवराई होन दाखवा म्हणून हट्ट धरणाऱ्या नवख्या माणसाला काका सरळ सांगतात, ‘‘अहो, माझ्याकडे नाही, आणि तुम्हाला कोणी स्वस्तात देत असेल तर तो खोटाच आहे.’’

चांदीच्या रुपयांचा साठाही चांगला आहे. ईस्ट इंडिया कंपनीचे १८३५ चे चौथ्या विल्यमचे रुपये, १८४० चे राणीचे, पुढे १८६२ सालाचे, जे त्याच सालाने कित्येक वर्षे पाडले गेल्यामुळे मागच्या बाजूच्या ठिपक्यांवरून वेगळे ओळखावे लागतात, असे सगळे येथे पाहायला मिळते. तक्रार करायचीच तर दर्जा ठरवण्याबाबत आहे. काकांचा हात या बाबतीत सैल आहे. ज्या रुपयाला मी ‘बरा’ म्हणेन त्याला ते ‘अतिसुंदर’ म्हणतात, आणि किंमतही त्याच शब्दाप्रमाणे लावतात. घासाघीस केली तर कमी करतात, पण ज्याला घासाघीस जमत नाही त्याने काय करायचे? शंभर वर्षांपेक्षा जुनी नाणी १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली पुरावस्तू ठरतात आणि ती देशाबाहेर नेता येत नाहीत, हे मात्र ते कटाक्षाने पाळतात. परदेशात राहणाऱ्या एका ओळखीच्या मुलाने कुरिअरने नाणी मागवली तेव्हा त्यांनी माझ्यासमोर नकार दिला.

दुकानाची खरी ओळख मात्र मालात नसून एका वहीत आहे, आणि चोरीची सारी हकिगत त्या वहीभोवतीच फिरते. लाल कापडी बांधणीची, वाण्याच्या खतावणीसारखी ही वही. विक्रीसाठी घेतलेल्या प्रत्येक नाण्याला तिच्यात क्रमांक, कोणाकडून घेतले त्याची नोंद, दोन दशांशांपर्यंतचे वजन, आणि ओळखीची एखादी खूण असते: काठाला चीर, ‘रा’चा काना अर्धाच उठलेला, वरच्या बाजूला कडी डागल्याची खूण. गेल्या सहा-सात वर्षांपासून काकांची सून मोबाईलवर प्रत्येक नाण्याच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढते आणि त्या फोटोंना वहीतलाच क्रमांक देते. हे सगळे पाहून मी पूर्वी मनात हसत असे. तीनशे रुपयांच्या तांब्याच्या तुकड्यासाठी एवढा खटाटोप कशाला, असे मला वाटे.

गेल्या वर्षीच्या श्रावणात कृष्णेच्या पाण्याच्या बातम्या येऊ लागल्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ज्यांनी महापूर पाहिला आहे त्यांना आयर्विन पुलाजवळची पातळी वाढू लागली की झोप लागत नाही, आणि काकांच्या दुकानात तेव्हा पुरुषभर पाणी होते. म्हणून त्यांनी जमिनीत बसवलेल्या जड तिजोरीतले ट्रे काढून माळ्यावरच्या प्लायवूडच्या कपाटात ठेवले. पाणी आले नाही. चोर आले. त्यांनी मागच्या बाजूचे पत्रे उचकटले आणि जिथे उतरले तो नेमका माळाच होता. तिजोरीला त्यांना हातसुद्धा लावावा लागला नाही. कॅमेरा होता, पण तो खाली दाराकडे तोंड करून बसवलेला. सकाळी शटर उघडेपर्यंत कोणाला काही कळले नाही.

गेले ते असे: चांदीचे ३०० रुपये, म्हणजे एका रुपयाचे ११.६६ ग्रॅम या हिशेबाने साडेतीन किलो. शिवरायांचे दोन ट्रे, त्यांत १४० नाणी. आणि काही सुटी नाणी, ज्यांत माझे एक होते. त्याचे पुढे सांगतो.

नाण्यांच्या चोरीत पहिली भीती भट्टीची असते. बर्लिनच्या बोडे संग्रहालयातून २०१७ च्या मार्चमध्ये चोरीला गेलेले १०० किलोचे सोन्याचे नाणे अजून मिळालेले नाही, आणि जर्मनीतल्याच मानशिंग येथील संग्रहालयातून २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये केल्टिक लोकांची दोन हजार वर्षे जुनी ४८३ सोन्याची नाणी गेली तेव्हा पुढच्या वर्षी पोलिसांच्या हाती लागले ते वितळलेले गोळे. धातूला गिऱ्हाईक शोधावे लागत नाही, नाण्याला लागते. चोराला हे संग्राहकापेक्षा आधी समजते. आमच्या जिल्ह्यात तर ही भीती आणखी जवळची. विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव या भागांतले गलाई कारागीर देशभर सराफ बाजारांत सोने-चांदी शुद्ध करण्याचा धंदा करतात, त्यामुळे चांदी कुठे आणि कशी आटते हे येथल्या पोराटोरांनाही माहीत असते. काका पहिल्या दिवशी एवढेच म्हणाले, ‘‘तांबं परत येईल. चांदीचं सांगता येत नाही.’’

यात काही गूढ नव्हते. शिवराई हातोड्याने पाडलेली असते; तांब्याची चकती वेडीवाकडी, ठसा कधी डावीकडे सरकलेला, कधी अर्धा चकतीच्या बाहेर गेलेला, त्यामुळे दोन शिवराया सहसा तंतोतंत सारख्या सापडत नाहीत. फोटो असेल तर ती माणसाच्या चेहऱ्यासारखी ओळखता येते, आणि तिच्यातल्या तांब्याला मोडीत किंमत जवळजवळ नाही. रुपयाचे बरोबर उलटे. तो यंत्रावर पाडलेला, एकाच सालाचे लाखो रुपये एकाच रूपाचे. शेजारी शेजारी ठेवले तर ज्याचा त्यालाही आपला ओळखता येणार नाही, आणि चांदी मात्र बारा भागांत अकरा भाग शुद्ध. चोराला पचायला सोपा तोच माल ओळखायला अवघड होता.

दुपारपर्यंत सुनेने वहीतले क्रमांक आणि फोटो एकत्र करून यादी तयार केली. गुन्हा नोंदवताना तीच जोडली. मग ती संग्राहकांच्या व्हॉट्सअॅप गटांवर गेली: सांगली-मिरज, कोल्हापूर, सातारा, पुणे, बेळगाव. या गटांवर एरवी शुभ सकाळ आणि ‘या पाच रुपयांच्या नाण्याला लाखो रुपये मिळतील का’ हेच जास्त असते. (वैष्णोदेवीच्या नाण्याबद्दल विचारणाऱ्यांसाठी पुन्हा एकदा: मिळत नाहीत. जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदीच्या नावाखाली रिझर्व्ह बँकेचे नाव वापरून फसवणूक होते, असा इशारा बँकेनेच २०२१ मध्ये दिला होता.) त्या आठवड्यात मात्र गट शहाण्यासारखे वागले. काकांनी यादीबरोबर एक सूचना ठळक अक्षरांत घातली होती: यातले नाणे दिसले तर विकत घेऊ नका, विकणाऱ्याशी वाद घालू नका, फोटो काढा आणि पोलिसांना कळवा.

ही सूचना किती शहाणपणाची होती ते नवव्या दिवशी कळले. कराडच्या एका तरुण संग्राहकाला आठवडी बाजारात पथारीवर शिवरायांचा ढीग दिसला. त्यातल्या एकीवर ‘राजा’ची ओळ इतकी खाली घसरली होती की ‘शिव’ला जागाच उरली नव्हती, आणि तो फोटो त्याने गटावर इतक्या वेळा पाहिला होता की नाणे हातात येताच ओळखले. भावनेच्या भरात त्याने ती आणि आणखी पाच अशी सहा नाणी विकत घेतली, म्हणजे ती हातची जाऊ नयेत म्हणून. हेतू चांगला होता, पण चोरीचा माल आहे हे माहीत असून विकत घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा ठरू शकतो. बिचाऱ्याने तासाभरात स्वतःच पोलीस ठाणे गाठले म्हणून निभावले. तरी जबाब, पंचनामा यांत त्याचा सगळा दिवस गेला, नाणी मुद्देमाल म्हणून जप्त झाली आणि दिलेले पैसे आजतागायत मिळालेले नाहीत. काकांनी ते देऊ केले होते. त्याने घेतले नाहीत.

पथारीवाल्याकडून धागा पुढे गेला. दरम्यान पुण्याच्या एका जुन्या विक्रेत्याकडे एक जण तीस शिवराया घेऊन आला. विक्रेत्याने ‘‘बसा, चहा घ्या, वजन करून बघतो’’ म्हणत त्याला अर्धा तास बसवून ठेवले आणि आतून फोन केला. वजने खरोखरच केली होती, असे नंतर समजले. वहीतल्या आकड्यांशी ती दोन दशांशांपर्यंत जुळली. एवढे होऊनही काही नाणी मधल्या काळात बिघडली होती. ती चकचकीत दिसली तर भाव जास्त येईल या समजुतीने कोणीतरी चिंच-मिठाने घासून काढली होती. तीनशे वर्षांत धरलेला काळसर-हिरवा पापुद्रा एका संध्याकाळी गेला, आणि त्याबरोबर नाण्याची निम्म्याहून जास्त किंमतही गेली. चकतीचा आकार आणि ठशाचा कोन मात्र चिंचेने जात नाही, त्यामुळे ओळख पटायला अडचण आली नाही.

आता चांदी. ती सापडली ती एका गलाईवाल्यामुळे. त्याचे नाव-गाव सांगत नाही, कारण धंद्यात अशी माहिती दिली की पुढचे गिऱ्हाईक बिचकते. दोन पोरांनी रुपये दोन खेपांत आटवायला काढले होते. पहिल्या खेपेचे सुमारे ९० रुपये त्यांनी दुसऱ्याच कोणाकडे आटवून घेतले होते आणि लगडीचा टंच, म्हणजे शुद्धता, कमी का भरला अशी तक्रार करत ती उरलेले रुपये घेऊन याच्याकडे आली होती. कमी भरणारच होता: त्या ढिगात १९४० नंतरचे सहाव्या जॉर्जचे रुपयेही होते, आणि त्या वर्षांपासून रुपयातली चांदी निम्म्यावर आणली गेली होती, हे पोरांना माहीत नव्हते. गलाईवाल्याने उरलेले रुपये ओतून पाहिले. त्यांत १९११ चा एक रुपया होता, ज्यावरच्या पाचव्या जॉर्जच्या झग्यावरील पदकातला हत्ती लोकांना डुकरासारखा दिसल्याने आक्षेप घेतला गेला आणि पुढच्या वर्षी ठसा बदलावा लागला. हा रुपया यादीत होता, आणि त्याच्या माथ्यावर कडी डागल्याची खूण असल्याचेही यादीत होते. गलाईवाल्याचा मेहुणा गटात होता. मूस भट्टीवर चढलीच नाही.

मला या माणसाचे फार वाटते. चोरीच्या बातम्यांत आटवणाऱ्याला सहज आरोपीच्या रांगेत उभे केले जाते. येथे साडेतीन किलोतले जे काही शाबूत राहिले ते त्याच्यामुळे राहिले.

हिशेब असा लागला. १४० शिवरायांपैकी १२१ परत आल्या. रुपयांपैकी १८७ शाबूत मिळाले, ९० लगडीच्या रूपात, आणि २३ कुठे गेले ते ठाऊक नाही. मिळाले म्हणजे लगेच दुकानात आले असे नव्हे. मुद्देमाल सुपुर्द करून घेण्यासाठी न्यायालयात अर्ज करावा लागतो (पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ४५१, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे ४९७), आणि अर्जात प्रत्येक वस्तू आपलीच असल्याचे दाखवावे लागते. येथे वही पुन्हा उपयोगी पडली. तरीही नाणी हातात यायला पाच महिने लागले, तीही खटला संपेपर्यंत विकणार नाही आणि मागतील तेव्हा हजर करीन असे बंधपत्र लिहून दिल्यावर. म्हणून आज दुकानात गेलात तर शिवरायांचे दोन ट्रे काचेआड दिसतील आणि विकत मात्र मिळणार नाहीत. नवख्या गिऱ्हाइकाला याचा राग येतो. मीही एकदा तसा वाद ऐकला आहे.

माझ्या नाण्याचे सांगायचे राहिले. माझ्याकडे मिरजेच्या टांकसाळीचा एक रुपया होता. मुघल बादशहाच्या नावाने मराठ्यांनी पाडलेला, टांकसाळीचे नाव ‘मुर्तजाबाद’, म्हणजे मिरजेचे जुने नाव. आजोबांच्या पेटीतून आलेला. फारसी अक्षरे नीट लावून घ्यावीत म्हणून चोरीच्या तीन दिवस आधी मी तो काकांकडे ठेवला. पावती मागितली नाही, त्यांनीही दिली नाही. वहीत फक्त विक्रीच्या मालाची नोंद होत असे. वाचायला, पारखायला ठेवलेली नाणी एका स्टीलच्या डब्यात सुटी असत. तो डबाही माळ्यावर गेला होता. चोरी झाली त्या दिवशी काकांनी सगळ्यांना फोन केले, मला तिसऱ्या दिवशी केला, आणि तोही ‘‘तुमचंही एक होतं ना त्यात?’’ असा. होते ना, काका. माझ्याकडे त्याचा एकही फोटो नव्हता. वजन माहीत नव्हते. पोलिसांनी वर्णन विचारले तेव्हा मी ‘‘चांदीचा, जुना, फारसी अक्षरांचा’’ एवढेच सांगू शकलो आणि समोरच्या हवालदारांच्या चेहऱ्यावर जे दिसले ते मी विसरलेलो नाही. तो रुपया आला नाही. कोणी समोर आणून ठेवला तरी तो माझाच हे मी सिद्ध करू शकणार नाही.

मी चार महिने दुकानात गेलो नाही. नुकसानभरपाईचा विषय मी काढला, त्यांनी टाळला नाही. त्या प्रकारचा दुसरा रुपया बाजारात आला की मला द्यायचा असे ठरले आहे. त्याला आता वर्ष होत आले. माझ्या मते ही भरपाई पुरेशी नाही, आणि नोंद न ठेवण्याची चूक निम्मी माझी असली तरी निम्मी दुकानाची आहे, हे मी त्यांना तोंडावर सांगितले आहे.

त्यानंतर झालेले बदल मोजून सांगण्यासारखे आहेत. पत्र्याच्या जागी स्लॅब आला. माळ्यावर आता फक्त अल्बम, होल्डर आणि प्लास्टिकच्या डब्या असतात. पुराच्या भीतीने ट्रे हलवायची वेळ आली तर ते बँकेच्या लॉकरमध्ये जातात. एक कॅमेरा आत, एक मागच्या बोळात. विम्याचे काम मात्र अजून अर्धवट आहे: दुकानाचा विमा होता, पण त्यात नाण्यांची किमतीसह यादी जोडलेली नव्हती, आणि ती जोडायची म्हटले की काकांच्या ‘अतिसुंदर’ला कोणी मानत नाही. ते सुनेने हातात घेतले आहे, त्यामुळे होईल.

आणि पारखायला ठेवलेल्या नाण्याला पावती मिळते. गेल्या महिन्यात मी एक होळकरी रुपया घेऊन गेलो. सुनेने दोन्ही बाजूंचे फोटो काढले, ते तेथेच माझ्या मोबाईलवर पाठवले, वजन केले, ११.०७ भरले, आणि कार्बन घालून लिहिलेल्या पावतीवर क्रमांकासह सही करून दिली. पुढे गिऱ्हाईक होते त्यामुळे या सगळ्याला वीस मिनिटे लागली. दुकान दुपारी एक ते चार बंद असते, गुरुवारी पूर्ण बंद. गाडी लावायला जागा नाही, ती गणपती मंदिराच्या बाजूला लावून चालत यावे.